बारावं रिबिट

पडद्यांसाठी काहीही आण, पण निळं आणू नकोस, एवढं तिच्या नवऱ्याने निघताना तीनदा बजावलं होतं. आणि रिबिटबाई नेमक्या निळ्याच कापडावर हात ठेवून उभी होती, तेव्हा तो आवाज आला. टिक्. मग पाऊल. मग पुन्हा टिक्. तसा दुकानात आवाजांना तोटा नव्हता. कुणी ताग्यावर तागा आपटत होतं, कात्री करकरत होती, एक आजीबाई 'धुतल्यावर आटेल का हो' हा एकच प्रश्न चार वेगवेगळ्या सुरांत विचारत होत्या. पण हा आवाज त्या सगळ्यांच्या खालून येत होता, फरशीलगतचा, बारीक. दुसऱ्या कुणाच्या कानाला तो लागायचं कारणही नव्हतं. रिबिटबाईच्या मात्र लागला. शंभर पोरांच्या गलक्यात आईला आपलं पोर रडलेलं कळतं, तसं तिला कळलं: कुठेतरी चामड्याच्या पट्ट्यात एक रिबिट सैल झालं आहे, आणि ते कुणाच्या तरी अंगावर चालतं आहे.

आवाज येत होता तो मोजपट्टी गळ्यात घातलेल्या विक्रेतीबरोबर. चाळिशीला टेकलेली, रुंद चेहऱ्याची, बोलायला मोकळी बाई. लांब झग्याखाली डावा पाय ताठ, आणि तो टाकताना कमरेतून दिलेला तो छोटासा हेलकावा, जो रिबिटबाईने आपल्या कारखान्याच्या खिडकीतून इतरांच्या पाठमोऱ्या चालीत हजारदा पाहिला होता. कॅलिपर. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी दांडे, आणि ते पायाला धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे. "ताई, हा निळा तुमच्या मनात भरलेला दिसतोय," विक्रेती म्हणाली. "अं? नाही, नाही. निळा नको." "मग हात का निघत नाहीये त्याच्यावरून?" दोघी हसल्या. विक्रेती वरच्या फळीवरचा बिस्किटी रंगाचा तागा काढायला वळली, टाचा उचलून वर झाली, आणि रिबिटबाईने कान टवकारले. टिक्. गुडघ्याच्या वाटीचा पट्टा. वरचा, बाहेरच्या अंगाचा. एवढंसुद्धा तिला न बघता कळलं, कारण पाय ताठ करून भार टाकला की सगळी ओढ तिथेच येते.

हजेरीपटावर तिचं रीतसर नाव होतं, पण ते महिन्यातून एकदा, सही करताना, तिलाच आठवायचं. एरवी ती रिबिटबाई. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून जो लांबट कारखाना होता, जिथे पाय, हात, पट्टे, पाठीचे आधार बनत, त्याच्या शेवटच्या खिडकीखाली तिचं बाक होतं. एकोणतीस वर्षं. सुताराने एका माणसाच्या मापाचं करून दिलं होतं ते, तिच्या नव्हे, तिच्या आधीच्या. म्हणून पायाखाली ती एक फळी घ्यायची. बाकावर मुठीएवढी ऐरण, भोकं पाडायचे पाच पंच लहानापासून मोठ्यापर्यंत, एक पोकळ ठसा आणि एक खोलगट, छाटायची पक्कड, आणि एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल तोंडाची हातोडी. इतकंच. लोकांना वाटतं रिबिट मारायचं म्हणजे ठोकायचं. तसं नसतं ते. पंचाने भोक पाडायचं ते रिबिटाच्या दांडीहून केसभर लहान, म्हणजे चामडं तिला धरून बसतं. तांब्याचं रिबिट आतून वर ढकलायचं, कातडीकडे त्याचं चपटं डोकं, म्हणजे टोचत नाही. वरून वायसर, म्हणजे भोकाची चकती, चढवायचा आणि पोकळ ठशाने तो तळापर्यंत बसवायचा. उरलेलं टोक छाटायचं, पण अगदी मुळाशी नाही. तांदळाच्या दाण्याएवढं ठेवायचं. मग हातोडीच्या गोल तोंडाने त्या दाण्याला नुसतं समजवायचं, चहूबाजूंनी, सहा-सात हलके टोले, की तो फुलासारखा पसरतो. शेवटी खोलगट ठसा ठेवून एकच टोला, आणि वर घुमट. आवाज 'ठक्' वरून 'टण्' झाला की बसलं. एवढं काम. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. आणि गंमत अशी, की तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही. नवरा म्हणायचा, "तुझं बरंय, तू डोकं ठेचतेस आणि तुला पगार मिळतो; आमच्या ऑफिसात हेच केलं तर तुरुंग." सकाळी बाकावर बसून पहिलं रिबिट बसवलं, की तिच्या पोटात काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं व्हायचं. देवाने विचारलं असतं की पुढच्या जन्मी काय, तर तिने थोडी उंच खिडकी मागितली असती, बस.

पण पट्टे पुढे कुठे जातात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पायाला बसवायचं, माणसाला चालवून बघायचं, ते काम पुढच्या दालनातल्या फिटरचं. तिच्याकडे यायचं ते चामडं, आणि चिठ्ठीवर माप. माणूस कधी आलाच तर पाठमोरा, खिडकीतून, फाटकाकडे जाताना. आज पहिल्यांदा तिचं काम तिच्यासमोर तोंड करून उभं होतं, त्याला रुंद चेहरा होता, आणि ते विचारत होतं, "चार मीटर पुरेल ना ताई? शिवणीला धरून सव्वाचार घ्या." शहरात दुसरा कारखाना नव्हता. म्हणजे या बाईच्या पायावर बारा रिबिटं असणार, गुडघ्याच्या वाटीला चार, पोटरीला चार, मांडीला चार, आणि बाराही रिबिटबाईच्या हातची. मग एक सैल झालं कसं? हा प्रश्न मनात आला आणि तिच्या पायाखालची फळी कुणी काढून घेतल्यासारखं झालं. "सव्वाचार," ती म्हणाली. कापडाची घडी घेतली. सांगायचं तोंडावर आलं होतं: बाई, तुमच्या गुडघ्याचा पट्टा जातोय. पण काउंटरपाशी माणसं होती, आजीबाई होत्या, आणि भर दुकानात एका परक्या बाईला तिच्या पायाबद्दल काय सांगायचं? ती बाहेर आली. दुकानाला आठ पायऱ्या होत्या, दगडी, मधोमध झिजलेल्या. तिने त्या मोजल्या. मोजायला नको होत्या. खाली आल्यावर तिला पुढे जाता येईना.

समोरच्या पदपथावर एक बंद छापखाना होता, त्याच्या ओट्यावर ती कापडाची घडी मांडीवर घेऊन बसली, आणि मिस्त्री आले. म्हणजे आठवणीत. ते असेच यायचे, न विचारता, हात मागे बांधून. तिला काम शिकवलं ते मिस्त्रींनी. बाक त्यांच्याच मापाचं होतं. पहिले सहा महिने त्यांनी तिला हातोडी दिली नाही, नुसती पंचाने टाकाऊ चामड्याला भोकं पाडायला लावलं, आणि प्रत्येक भोकात करंगळीचं नख घालून बघायचे. "ही भोकं उंदराने पाडलीत का तू?" नंतर कधीतरी, वीस रिबिटं एकामागून एक नीट बसल्यावर, म्हणाले, "हं." त्या 'हं'वर तिने एक आख्खा उन्हाळा काढला होता. मग वर्षं गेली, आणि मिस्त्रींच्या डोळ्यांत दुधाळ काहीतरी उतरायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिला कळलं ते रिबिटांवरून. घुमट एका अंगाला कलायला लागले, वाकड्या टोपीसारखे. वायसर तळाशी न बसताच वरून टोला पडायचा. दिसायला रिबिट, पण आत पोकळ. तिने काय केलं? जे कुणीही केलं असतं तेच. मिस्त्री चारला घरी जायचे, ती साडेपाचपर्यंत थांबायची. त्यांची दिवसभराची रिबिटं एकेक करून तपासायची, वाकडी असतील ती काढायची, नवी बसवायची. दीड वर्ष. सकाळी मिस्त्री आले की पट्टे उचलून बोटाने चाचपायचे आणि ठेवून द्यायचे. काही बोलायचे नाहीत. तिला वाटायचं, म्हाताऱ्याची अब्रू आपण राखतोय. खरं सांगायचं तर ते दिवस तिला आवडायचे. कुणावर तरी पांघरूण घालण्यात जी ऊब असते ती घालणाऱ्यालाही लागतेच.

मग लेकीचं शाळेत पाठांतर होतं म्हणून एक दिवस ती चारला निघाली, मिस्त्रींच्याच बरोबर. फाटकापर्यंत दोघं गप्पा मारत आले. त्या दिवशीचे तीन पट्टे तसेच फिटरकडे गेले. नऊ दिवसांनी त्यातला एक कागदाच्या पिशवीतून परत आला. एक माणूस त्याच्या ऑफिसच्या जिन्यात पडला होता, मनगट मोडलं होतं. नशीब म्हणायचं, तेवढ्यावर निभावलं. फिटरने पट्टा बाकावर ठेवला आणि विचारलं, "हे कोणाचं?" टोपी वाकडी होती. आंधळ्यालाही दिसलं असतं. "माझं," ती म्हणाली. मिस्त्री शेजारीच होते. ते पंच पुसत होते, पुसत राहिले. महिन्याने त्यांनी काम सोडलं. जायच्या दिवशी सगळ्यांशी बोलून झाल्यावर तिच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुझं रिबिट मला ओळखू येत नाही, असं वाटलं होय तुला?" एवढंच. रागाने म्हणाले की मायेने, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढच्या अकरा वर्षांतही नाही. त्यांना ठाऊक होतं, त्या एका पट्ट्याचंच नव्हे, दीड वर्षाचं. रोज सकाळी बोटाने चाचपायचे तेव्हा ते आपली नाही, तिची रिबिटं मोजत होते. दोन वर्षांनी ते वारले, आणि विचारायचं राहून गेलं. तसं तिचं आयुष्य सुखाचं होतं. नवरा हसरा, लेक मार्गी लागलेली, जेवणाला चव, झोपेला तक्रार नाही. फक्त चपलेत खडा असावा तसं ते एक वाक्य, मधूनच, पाऊल विशिष्ट कोनात पडलं की टोचायचं. आणि आज ते पाऊल नेमकं तसं पडलं होतं.

सहाला दुकान बंद झालं. विक्रेती दारात आली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर टिक्, पाचवीवर टिक्. रिबिटबाई रस्ता ओलांडून कधी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. सातव्या पायरीपाशी ती हात पुढे करून उभी होती, झेल घ्यायला उभं राहतात तशी.

"कापडात काही खोट निघाली का ताई?" विक्रेती म्हणाली.

"कापडात नाही. तुमच्या पट्ट्यात. डाव्या गुडघ्याचा, वरचा, बाहेरच्या बाजूचा. रिबिट सुटायला आलंय."

बाईचा चेहरा चटकन मिटला. अनोळखी माणसांनी पायाबद्दल बोलायची तिला सवय असणार, आणि अशा वेळी मनाचं दार लावून घ्यायचीही. म्हणून रिबिटबाईने घाईघाईने सांगून टाकलं: कारखाना, खिडकीखालचं बाक, एकोणतीस वर्षं. "ती बारा रिबिटं माझ्या हातची आहेत. म्हणून ऐकू आलं."

"अकरा," विक्रेती म्हणाली. मग इकडेतिकडे बघत पायरीवरच बसली आणि झगा गुडघ्यापर्यंत सारला. "बारावं आमच्या बाबांचं आहे."

तांबूस अकरा घुमट, आणि त्यांच्यात एक पिवळाधमक. रिबिटबाईने खाली वाकून पाहिलं. वाकडंबिकडं काही नव्हतं ते. देखणं होतं. पितळी, इतकं गोल, इतकं घासून लखलखीत केलेलं, की त्यात रस्त्यावरचे दिवे उलटे दिसत होते. पण बारीक होतं. मोठ्या भोकात लहान काडी. डोकं मानेपाशी हललं की भोकाच्या कडेवर वाजत होतं. "तुमचे बाबा काय करतात?" "घड्याळजी होते. आता ऐंशीचे आहेत. तुमचं रिबिट महिन्यापूर्वी गेलं, सहा वर्षांचा पट्टा होता. मी कारखान्यात जाणारच होते, पण बाबा म्हणाले, एवढ्याशासाठी रजा कशाला घेतेस, मी आहे ना. दोन दिवस बसले होते त्याच्यावर. डोळ्याला भिंग लावून. आई गेल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वाजतंय. मला कळतंय. पण कसं सांगू?"

रिबिटबाईने सव्वाचार मीटरमधून बोटभर रुंदीची पट्टी टर्रकन फाडली आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दोनदा आवळून बांधली. "आजची रात्र निभेल. जिना उतरू नका. उद्या रविवार आहे, मी हत्यारं घेऊन येते." विक्रेतीने घराचा पत्ता सांगितला आणि तिचा हात धरला. "दुपारी दोनला या. बाबा झोपलेले असतात तेव्हा. त्यांना ऐकू कमी येतं, तुम्ही ठोकलंत तरी उठायचे नाहीत. तसंच पितळी बसवा ना, म्हणजे त्यांना कळणारही नाही." आणि रिबिटबाई 'बरं' म्हणाली. सहज म्हणाली. तिला तर त्या कामाचा दीड वर्षाचा अनुभव होता.

घरी नवऱ्याने कापड उलगडून दोन्ही हातांत धरलं, निळं नाही याची खात्री करून घेतली, आणि मग म्हणाला, "एका कडेची पट्टी गेलीय, फसवलं तुला." तिने झालं ते सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि इतकंच म्हणाला, "हत्यारांची पिशवी जड असते, रिक्षाने जा." दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने गेली. पिशवीत ऐरण, ठसे, पंच, पक्कड, हातोडी, आणि एका डबीत रिबिटं: सहा तांब्याची, आणि दोन पितळी, मजबूत, जाड दांडीची, जी तिने सकाळी कारखान्यात जाऊन खास शोधून काढली होती आणि कापडाने घासून चमकवलीही होती. घासताना तिला छान वाटत होतं. ते छान वाटणं जुनं होतं, ओळखीचं होतं, आणि रिक्षात बसल्यावर, एका वळणावर, अचानक तिला त्याची किळस आल्यासारखं झालं. मग वळण संपलं.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी घड्याळजीचं मेज, वाकड्या मानेचा दिवा, लहान लहान खणांची लाकडी पेटी आणि प्रत्येक खणावर मोत्यासारख्या अक्षरांतली चिठ्ठी. आतल्या खोलीत म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. दार अर्धं उघडं होतं आणि त्याची पाठ दिसत होती, सदऱ्याखाली चिमणीसारखी वरखाली होणारी. विक्रेतीने कॅलिपर काढून तिच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत पाय लांब करून बसली. रिबिटबाईने मेजाच्या कोपऱ्यावर ऐरण ठेवली. पक्कड पितळी डोक्याखाली सारली. एक दाब दिला असता तर संपलं असतं. तिने दिला नाही. तिला दिसत होती ती पाठ. मिस्त्रींची पाठ अशीच असायची, चारला फाटकाबाहेर जाताना, थोडी वाकलेली, आणि तिला नेहमी वाटायचं की माणूस निश्चिंत चाललाय. निश्चिंत कसला? मागे काय चाललंय ते ज्याला ठाऊक आहे तो माणूस फाटकाबाहेर पडताना कसा चालत असेल? दीड वर्ष रोज चारला? आपलं काम आपल्या पाठीमागे उसवलं जातंय, आणि उसवणारं माणूस सकाळी गोड हसून चहा पुढे करतंय, आणि आपल्याला विचारायची चोरी, कारण विचारलं तर तिची अब्रू जाईल. तो तिला सांभाळत होता, ती त्याला. आणि दोघांच्या मधून एक माणूस जिन्यात पडला.

तिने पक्कड खाली ठेवली. "त्यांना उठवा."

"काय?" विक्रेती कुजबुजली. कुजबुजायची गरज नव्हती, तरी.

"उठवा त्यांना. त्यांच्यासमोर करते."

"ताई, काळीज तुटेल हो त्यांचं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, माझ्या लेकीचा पाय मी दुरुस्त केला म्हणून."

"मी एकदा असं लपवून केलंय," रिबिटबाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कधी न ऐकलेला. "माझ्या गुरूचं काम. चांगल्या मनाने केलं. एक माणूस पडला त्यात. मी हे पुन्हा नाही करणार. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मी तुम्हाला उद्या कारखान्यात उचलून नेईन, पण झोपलेल्या माणसाच्या पाठीमागे नाही."

विक्रेती खुर्चीतून उठली. मग खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट, मग खाटेचा दांडा धरत एका पायावर आत गेली आणि वाकून म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला. "बाबा. कारखान्यातल्या बाई आल्यात." म्हातारा उठून बसला, चष्मा चाचपला, बाहेर आला, आणि आपल्या मेजावर परकी ऐरण बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "कोण आपण? आणि माझ्या मेजावर हे काय?" रिबिटबाईने सांगितलं, मोठ्याने, कारण कमी ऐकणाऱ्याला वाईट गोष्टसुद्धा ओरडूनच सांगावी लागते: "काका, तुम्ही बसवलेलं रिबिट सुटतंय!"

"बत्तीस दिवस टिकलंय."

"तेहेतिसाव्याला जाईल!"

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "साठ वर्षं मी या बोटांनी केसाएवढ्या खिळ्या बसवल्या. साठ. एक परत आलेली नाही. तुम्ही लोहारकाम करणारी माणसं मला..." "बाबा," विक्रेती म्हणाली. "तू गप. ते वाजलं असतं तर तू सांगितलं असतंस." विक्रेतीने मान खाली घातली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. रिबिटबाईला वाटलं, संपलं, आपण एका म्हाताऱ्या माणसाचा रविवार मोडला, महिना मोडला, आता हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपेल. पण म्हातारा मेजाशी बसला, दिवा लावला, हात पुढे केला. "काढून दाखवा."

तिने काढलं. पितळी डोकं नुसत्या पकडीच्या स्पर्शाने सुटून त्याच्या तळहातावर पडलं. त्याने खणातून भिंग काढून डोळ्याला बसवलं आणि त्या डोक्याकडे इतका वेळ बघितलं की विक्रेतीला राहवेना. "काय आहे बाबा?"

"मानेशी चीर आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलतो तसा होता. "काडी बारीक घेतली मी. घड्याळात हिने आख्खा जन्म काढला असता."

"हो. काम सुंदर आहे, काका. इतकं गोल मला येत नाही. पण घड्याळावर कुणी उभं राहत नाही."

म्हातारा खुदकन हसला. त्याला हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग तो लेकीकडे वळला. "तुला ठाऊक होतं." "हो." "कधीपासून?" "दुसऱ्या दिवसापासून." "आणि तू त्याच्यावर उभी राहत होतीस. दिवसभर. माझं मन राखायला." विक्रेती झग्याची कड चुरगाळत होती. "गाढव आहेस," म्हातारा म्हणाला, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. रिबिटबाई खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती आणि तिच्यावर एक मांजर आडवं पसरलं होतं. तिच्या मनात आलं, मिस्त्रींनीही मला गाढव म्हणायला हवं होतं. मीही त्यांना म्हणायला हवं होतं. एवढंच करायचं होतं आम्हाला.

"बसवा आता," म्हातारा म्हणाला. "मी बघतो." तिने तांब्याचं घेतलं. पितळी दोन डबीतच राहिली. आतून वर ढकललं, वायसर, पोकळ ठसा, छाट, सहा हलके टोले. अकरा वर्षांत तिच्या कामाकडे असं खांद्यावरून कुणी बघितलं नव्हतं, आणि तिच्या हाताला घाम सुटला, पंच हातात घेतलेल्या पहिल्या दिवशी सुटला होता तसा. खोलगट ठसा. टण्. "झालं," ती म्हणाली. म्हाताऱ्याने पट्टा ओढून घेतला, भिंग लावलं, दिवा खाली वाकवला. "सरकलंय."

"काय?"

"डावीकडे. वायसरच्या मध्यापासून केसभर."

"काका, हे दहा वर्षं हलायचं नाही."

"हलेल असं कुठे म्हणालो? सरकलंय म्हणालो."

तिने भिंग घेतलं. असल्या वस्तूतून तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तांब्याचा घुमट एकदम डोंगराएवढा समोर आला, आणि त्यावर तिच्या सहा टोल्यांच्या सहा उतरणी, आणि खरंच, शिखर मधोमध नव्हतं. केसभरच. पण नव्हतं. तिला आधी राग आला, मग लाज, आणि मग पोटातून काहीतरी वर आलं आणि ते हसू निघालं. ती इतकी हसली की भिंग डोळ्यातून निसटलं आणि म्हाताऱ्याने ते हवेत झेलायला बघितलं, चुकला, ते विक्रेतीच्या मांडीवर पडलं. "काढते," रिबिटबाई म्हणाली, डोळे पुसत. "काढा," म्हातारा म्हणाला. दुसरं बसवायला तिने दुप्पट वेळ घेतला. म्हाताऱ्याने बघितलं, पट्टा फिरवून बघितला, उलटा करून बघितला. "हं," तो म्हणाला.

विक्रेतीने कॅलिपर चढवला, उभी राहिली, खोलीत एक फेरी मारली, मग दुसरी, आणि 'दूध संपलंय, घेऊन येते' म्हणून जिना उतरून गेलीसुद्धा. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. त्याने रिबिटबाईची हातोडी उचलली होती, हातात तोलत होता, आणि तिचं गोल तोंड अंगठ्याने चाचपत होता. "जड आहे," तो म्हणाला. "पण लहान टोले मारता तुम्ही हिने. ते कसं काय? मनगटातून?"

"कोपरातून. मनगट सैल सोडायचं."

त्याने हवेत एक टोला मारून बघितला. हात थरथरला. त्याने थरथरणाऱ्या हाताकडे निरखून बघितलं, बिघडलेल्या घड्याळाकडे बघतात तसं, काही वाईट न वाटून घेता. "पुढच्या रविवारी येशील?" तो म्हणाला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "टाकाऊ चामडं असेल तर घेऊन ये. मला दिवसभर काही काम नसतं. तिचे पट्टे आहेत, पिशव्या आहेत, शेजारणीची पोरं दप्तरांचे बंद रोज तोडतात."

"येईन," रिबिटबाई हत्यारं गोळा करत म्हणाली. "पण आधीच सांगते, काका. वाकडं बसलं तर मी तोंडावर सांगणार."

म्हाताऱ्याने भिंग खणात ठेवलं, खण लोटला, आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू ही बाई जरा कमी अक्कल असलेलीच आहे.

"मग काय, पाठीमागे सांगणार?"

पिशवी खांद्याला लावून ती जिन्याकडे वळली. खालून विक्रेती दुधाची पिशवी घेऊन वर येत होती, एक हात कठड्यावर, ओठांत कसलंसं गाणं. दोघी मधल्या वळणावर भेटल्या, एकमेकींना वाट द्यायला एकाच बाजूला सरकल्या, मग दुसऱ्या बाजूला, आणि हसल्या. "चहा न घेताच निघालात?" "पुढच्या रविवारी." खाली रस्त्यावर ऊन छान पसरलं होतं. रिक्षा समोरच उभी होती, रिक्षावाल्याने तिच्या पिशवीकडे बघून हॉर्नही वाजवला, पण तिने मान हलवून नको म्हटलं आणि चालायला लागली. पिशवी जड होती. ती तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कोपऱ्यावर पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही, आणि आपल्याला सणकून भूक लागली आहे.